दत्तोबा कंडक्टरची बोली

दत्तोबा बिरादार रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण त्याच्या पायांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात तो जेवतो तेही उभ्यानं, पाय फाकवून, एका हातानं फळीची कड धरून. पुढं कुठं तरी खड्डा येणार आणि वाटीतलं वरण सांडणार, अशी त्याची कायमची तयारी. बायकोनं, सत्यवतीनं, आधी स्टूल दिलं, मग खुर्ची दिली, आणि शेवटी शेजारणींनी बघू नये म्हणून जेवणाच्या वेळी दार लोटून घ्यायला सुरुवात केली.

घराणं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. वाटणीला आलेली जमीन चार भावांत उभी राहायलाही पुरेना, तेव्हा दत्तोबा हैदराबादला आला आणि सिटी बसवर कंडक्टर म्हणून उभा राहिला तो उभाच. त्यातली अकरा वर्षं त्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता हणमंतराव. भालकीचा, घरात मराठी बोलणारा, बोडका, आणि चेहरा असा की गाडीपुढं म्हैस आली तरी आधी म्हशीनंच विचार करावा. बाकीचे कंडक्टर गाडी सोडताना ‘राइट, राइट’ ओरडायचे, नाही तर तेलुगूत ‘पोनी, पोनी’. दत्तोबा म्हणायचा, “जाऊ दे.” एक ‘जाऊ दे’ म्हणजे गाडी हलव. लागोपाठ दोन म्हणजे पुढच्या स्टॉपला उतरणारं कुणी नाही, थांबू नको, ताण. हणमंतराव आरशात बघायचाही नाही. शब्द कानावर पडला की पाय खाली. इतका भरवसा नवरा-बायकोतसुद्धा क्वचित दिसतो. दत्तोबाच्या घरात तर दिसलाच नाही.

घरात भरवसा नसण्याचं कारण पलंगाखाली होतं. पत्र्याची एक पेटी, आणि पेटीत तिकिटं. कोरी नव्हेत, ती सरकारची. ही वापरून टाकलेली. शेवटची फेरी संपली की दत्तोबा वाकून गाडीच्या तळातून तिकिटं वेचायचा. सगळी नाही, हातानं काही तरी केलेलीच. माणूस बसमध्ये बसला की बोटं तिकिटाशी काय काय करतात, ते त्याला बघायचा नाद होता. कुणी त्याची होडी करून ठेवायचं, कुणी बारीक घड्या घालून पंखा, कुणी सुरळी करून कान कोरायचं. एका तिकिटावर कुणी बारीक अक्षरात नुसतं ‘नक्को’ लिहिलं होतं, पाचदा. दत्तोबानं ही सगळी बिस्किटांच्या डब्यांत लावून ठेवली होती. होड्या वेगळ्या, पंखे वेगळे, दातांनी चावलेली वेगळी. सत्यवती या सगळ्याला कचरा म्हणायची, आणि प्रामाणिकपणे बघितलं तर तो कचराच होता.

आता मुलानं, ओंकारनं, उप्पलला फ्लॅट घेतला होता आणि आई-बापांना तिकडं न्यायचं ठरलं होतं. सत्यवतीनं सांगून टाकलं की त्या फ्लॅटमध्ये ही पेटी तरी येईल नाही तर ती. दत्तोबानं दोन दिवस विचार केला, हे बघून ती आणखीच चिडली.

मग तो सुलतान बाजारात गेला, मेहुण्याकडं. सत्यवतीचा भाऊ अंबाजी जुनी नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं विकतो. दुकान म्हणजे साड्यांच्या दुकानाच्या जिन्याखालची जागा, वर बायका चढल्या की खाली नाण्यांवर धूळ पडते आणि अंबाजी त्या धुळीचेही पैसे लावतो. दर महिन्याला एका रविवारी तो चिक्कडपल्लीत एक फंक्शन हॉल घेऊन लिलाव करतो. पेटी बघून त्यानं नाक मुरडलं. तिकिटाला घडी पडली की किंमत गेली, म्हणाला, आणि ही तर नुसती घडीच आहे, तिकीट कुठंय? तरी लिलावात घेतो म्हणाला. विकणाऱ्याकडून शंभराला पंधरा, घेणाऱ्याकडून शंभराला दहा, हा त्याचा धंदा, त्यात मेहुणा असो की परका.

“पण दाजी,” अंबाजी आवाज खाली आणून म्हणाला, “समोर आपला एक माणूस ठेवा.”

म्हणजे काय, ते दत्तोबाला लगेच कळलं. कोटीच्या नाक्यावर शेअर ऑटोवाले हेच करायचे. रिकाम्या ऑटोत कुणी चढत नाही, म्हणून आपलाच एक माणूस मागं बसवायचा. तो असा बसायचा की जणू ऑफिसला उशीर होतोय. त्याला बघून बाकीचे चढायचे, ऑटो भरला की हा हळूच उतरून मागच्या ऑटोत जाऊन पुन्हा उशीर झाल्यासारखा बसायचा. सरकारी बसवाल्या दत्तोबानं या बसवलेल्या माणसांना जन्मभर शिव्या घातल्या होत्या. तसं म्हणायला हणमंतरावही स्टँडवर उभ्या गाडीचं इंजिन घुरघुरवून लोकांना पळायला लावायचा, पण ते सरकारी होतं.

अंबाजीनं हिशोब समजावला. लिलावात एकटा गिऱ्हाईक असला की तो दोन हजारात माल उचलून जातो. त्याच्यासमोर दुसरा हात वर गेला की त्याला मालाची किंमत सुचायला लागते. आपल्या माणसानं त्याला वर न्यायचं आणि वेळ आली की उतरून जायचं. सगळेच करतात. आणि चुकून आपल्याच माणसावर हातोडा पडला तर? तर माल आपल्याकडंच राहतो, अंबाजी म्हणाला, नुकसान कसलं. तेव्हा दोन्हीकडचं कमिशन कोण देणार, हे दत्तोबानं विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची अंबाजीला सवय नाही.

खरं तर दत्तोबाला पैशांपेक्षा आकडा हवा होता. तीस वर्षं कचरा म्हणवून घेतलेल्या पेटीसाठी, भरल्या हॉलमध्ये, परक्या माणसाच्या तोंडून, सत्यवतीच्या कानावर एक आकडा पडावा. म्हणूनच त्यानं तिला लिलावाला यायचा आग्रह केला. पण अंबाजीनं पेटी पुकारली आणि कुणीच हात वर केला नाही तर? ती शांतता सत्यवती उप्पलपर्यंत बरोबर नेईल. त्या शांततेच्या भीतीनं दत्तोबानं हणमंतरावाला गाठलं.

“लिलावात बसायचं आणि काय करायचं?” हणमंतरावानं विचारलं.

“हात वर करायचा. पंधरा हजारापर्यंत. त्यापुढं मी सांगेन तसं.”

“तू मागं असशील?”

“मी आणखी कुठं असणार?”

हणमंतरावाला एवढं पुरलं.

आदल्या दिवशी शनिवारी माल बघायला ठेवतात. दत्तोबा तिथं चकरा मारत राहिला. नाण्यांच्या टेबलावर गर्दी, पेटीकडं कुत्रं फिरकेना. दुपारी एक मुलगी आली, पाठीला लॅपटॉपची बॅग. रसिका नाव, पुण्याची, माधापूरला कंपनीत नोकरी. जाईल त्या गावाची बसतिकिटं जमवते म्हणाली. तिनं होड्यांचा डबा उघडला आणि खाली फरशीवर मांडीच घातली. दत्तोबा लांबून बघत होता, मग जवळून, मग तिच्या डोक्यावरच उभा राहिला.

“हे तुम्ही गोळा केलंय का काका?”

“हौ. म्हणजे, हो. काय बघलालीस गं एवढं?”

पुण्याच्या पोरीला ‘बघलालीस’ कळायला क्षण लागला. मग तिनं एक तिकीट उचललं, अर्ध्यापर्यंत होडी आणि पुढं नुसत्या घड्या. हे अर्धवट का, तिनं विचारलं. दत्तोबानं सांगितलं की होडी करता करता स्टॉप आला असेल. ती हसली नाही. ते तिकीट तिनं होतं तिथं, होतं त्याच बाजूनं परत ठेवलं. एवढ्यानं दत्तोबाची शनिवारची झोप गेली. या पोरीसमोर आपण बसवलेला माणूस ठेवलाय, हे त्याला रात्रभर टोचत राहिलं; आणि ठेवला नाही आणि ती सकाळी आलीच नाही तर, हे त्याहून जास्त.

रविवारी हॉलमध्ये आदल्या लग्नाच्या खुर्च्या तशाच होत्या, पाठीला लाल रिबनींची फुलं. अंबाजी स्टेजवर नवरदेवाच्या सिंहासनात बसला होता, हातात हातोड्याऐवजी खलबत्त्याचा बत्ता. सत्यवती मधल्या रांगेत, पदर सावरून, भावाकडं कौतुकानं बघत. हणमंतराव पहिल्या रांगेत, कारण ड्रायव्हर मागं बसत नाही. आणि दत्तोबा सगळ्यात मागं, दाराजवळ, अर्थातच उभा. एकदा खिडकीशी, एकदा पाण्याच्या कॅनशी, पुन्हा दाराशी. कुणी तरी त्याला वेटर समजून चहा मागितला आणि दत्तोबानं आणूनही दिला, तेवढंच हाताला काम.

पेटी पुकारली गेली. दोन हजारापासून.

शांतता झाली. तीच, जिला तो भीत होता. सत्यवतीनं मान वळवून मागं बघितलं. तेवढ्यात हणमंतरावाचा हात सिग्नलच्या खांबासारखा वर गेला. मग रसिकानं तीन म्हटलं. मग मधेच तेजस नावाचा एक पोरगा उठला, हिमायतनगरला चहाचं नवं दुकान काढत होता, त्याला तिकिटं काचेखाली टेबलावर लावायची होती. चार, पाच, सहा. दत्तोबाच्या छातीत गाडी सुरू झाली. नऊ हजार तेजसनं म्हटलं, दहा रसिकानं, आणि तेजसनं मान हलवून खुर्चीत अंग टाकलं.

आता उरले दोघं. हणमंतराव अकरा, रसिका बारा. हणमंतराव तेरा. रसिकानं तळहाताकडं बघितलं, जणू तिथं काही लिहिलं होतं, आणि चौदा म्हटलं. हणमंतराव पंधरा. त्याचा चेहरा बघून कुणालाही वाटावं की या पेटीत निजामाचं काही तरी राहिलंय. अंबाजीनं बत्ता उचलला. मग रसिका हळूच म्हणाली, सोळा.

सोळा हजार. दत्तोबानं सत्यवतीकडं बघितलं. तिचा हात पदरावरच थांबला होता. बास, झालं. परक्या पोरीच्या तोंडचा आकडा, भरल्या हॉलमध्ये. तीस वर्षं सुटत नव्हतं ते काही तरी आतून सुटलं, आणि अगदी मनापासून, सुटकेच्या आवाजात, तो मागून म्हणाला, “जाऊ दे.”

म्हणजे सोड. राहू दे. घेऊ दे तिला.

हणमंतरावाचा हात वर गेला. सतरा.

दत्तोबाला क्षणभर कळेना काय झालं. रसिकानं मागं बघितलं, पुढं बघितलं, ओठ चावला आणि अठरा म्हटलं. अजून वेळ गेली नव्हती. दत्तोबा खुर्च्यांमधून दोन पावलं पुढं घुसला आणि घाईनं, जरा जोरात म्हणाला, “अरे जाऊ दे, जाऊ दे.”

दोनदा. हणमंतरावानं एकोणीसच्या स्टॉपला गाडी उभीच केली नाही. “वीस,” तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागं वळून दत्तोबाकडं बघून हसला. बरोबर ना?

रसिकानं बोलीच्या नंबराचा हातातला पुठ्ठा मांडीवर उपडा ठेवला. अंबाजीनं तीनदा बत्ता आपटला.

नंतर जिन्यात हणमंतरावानं विचारलं, “तूच म्हणालास ना, जाऊ दे?”

“मी म्हणालो, जाऊ दे.”

“मग?”

अकरा वर्षांत या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांच्या दोघांत कधी लागलाच नव्हता.

अंबाजीनं मात्र सगळे अर्थ लावून ठेवले होते. वीस हजारावर विकणाऱ्याचे तीन हजार, घेणाऱ्याचे दोन, एकूण पाच हजार दाजींनी द्यायचे आणि पेटी घरी न्यायची. नियम म्हणजे नियम, आणि बाकीच्यांसमोर मेहुण्याला सूट देता येत नाही. दत्तोबा तिथंच उभ्या उभ्या मनात तिकिटं फाडत होता. बसवलेला माणूस नसता तर पोरीनं दहाला पेटी नेली असती, कमिशन जाऊन हातात साडेआठ. माणूस सोळाला उतरला असता तर तेरा हजार सहाशे. माणूस उतरलाच नाही, तर पदरचे पाच. म्हणजे फायदा सगळा उतरण्यावर, आणि उतरण्याची घंटा अशा माणसाच्या हातात ज्याला अकरा वर्षांच्या बोलण्यात आपण काय म्हणतो तेच माहीत नाही. शिवाय हॉलमध्ये दर महिन्याला तीच चाळीस डोकी. हणमंतरावाचं बोडकं डोकं त्यांतल्या कुणीही विसरणार नव्हतं, म्हणजे हा ऑटो एकदाच भरणार. फक्त अंबाजीचा धंदा असा होता की माणूस चढो, उतरो, नाही तर बसून राहो, त्याचं भाडं वसूल.

पेटी उचलून दोघं खाली आले तेव्हा रसिका चहाच्या गाड्यापाशी उभी होती. दत्तोबाला बघून तिनं ग्लास खाली ठेवला.

“काका, पहिल्या रांगेतले हे तुमचेच ना?”

दत्तोबानं मान हलवली. ती हो होती.

“मला शेवटी शेवटी संशय आला. ते बोली लावताना माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचा कान मागे होता.” ती चिडलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं. “मी घरून बारा ठरवून निघाले होते. हे इतके न अडखळता चढत होते की वाटलं, मला न दिसलेलं काही तरी ह्यांना दिसलंय.”

“पण सोळा तू म्हणालीस,” दत्तोबा म्हणाला. त्याला तेवढा एक आकडा वाचवायचा होता.

“म्हणाले ना. पण त्यातलं माझं किती आणि ह्यांचं किती, ते आता मलाच सांगता येणार नाही.”

तिनं त्याला आपला फोन नंबर दिला, का दिला कुणास ठाऊक, आणि गेली.

मग आठवडा दत्तोबानं नुसता चालून काढला. गौलीगुड्याहून सुलतान बाजार, तिथून परत, वाटेत स्टँडवर उभं राहून उगाच गाड्या सोडायच्या. सोळा गेले. बारा उरले का? पण बारा तिच्या मनातले, हॉलमध्ये कुणी ऐकलेले नाहीत. मग दहा? तेजस नवाला थांबला म्हणून दहा. पण तेजस नऊपर्यंत आला तो हणमंतरावाला बघून आला नसेल कशावरून? आणि थांबला तोही त्याच तोंडाला बघून थांबला नसेल कशावरून? जिथं बोट ठेवावं तिथं खाली हणमंतराव बसलेला. एक खरा आकडा ऐकायला दत्तोबानं एवढा खटाटोप केला होता, आणि त्यानंच बसवलेल्या माणसानं सगळे आकडे उष्टे करून ठेवले होते.

सत्यवती घरी आल्यापासून उप्पलला न्यायच्या सामानाची बांधाबांध करत होती. हणमंतरावाचं टक्कल तिला मागूनही ओळखता येत होतं, त्यासाठी कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटी एका संध्याकाळी भांडी बांधता बांधता ती म्हणाली, “आपलाच कचरा आपणच वीस हजाराला घेणारं घर मी पहिल्यांदा बघितलं.”

दत्तोबा फळी धरून उभा राहिला.

“पण त्या हणमंतभावजींना सोडा बाजूला,” ती भांड्याकडंच बघत म्हणाली. “तरी ती पोरगी होतीच की. एकटी होती, पण होती.”

एवढं बोलून तिनं कढई वर्तमानपत्रात गुंडाळली. दत्तोबानं फळी सोडली. मग त्यानं मोबाईल घेतला, बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला आणि रसिकाला फोन लावला. दहाला देतो म्हणाला. दहाच का, तिनं विचारलं. तेवढ्यावर शेवटचा परका माणूस थांबला म्हणून, असं त्यानं सांगितलं. तो आकडाही खरा असेल असं नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, येते.

रविवारी सकाळी ती ऑटो घेऊन गल्लीत आली. सत्यवतीनं तिला आत बसवून पोहे दिले आणि नवऱ्याच्या समोर विचारलं की एवढ्याला तू हे घेतेस तर घरी आई ओरडणार नाही का. रसिका म्हणाली, ओरडते. दोघी हसल्या, आणि ज्याच्यावर हसल्या तो दारात उभा होता. हणमंतरावही आला होता, पेटी उचलायला. त्या लिलावापासून तो दत्तोबाकडं बघताना जरा दबून होता. दहातले पाच अंबाजीकडं जाणार होते, हे कुणी काढलं नाही.

पेटी मागच्या सीटवर गेली, तिच्याजवळ रसिका, एक हात झाकणावर. ऑटोवाल्यानं इंजिन सुरू केलं आणि आरशातून मागं बघत थांबला. दत्तोबाचा हात ऑटोच्या पाठीवर होता. तो काढायला हवा हे त्याला कळत होतं. तळहाताखाली पत्रा थरथरत होता, तीस वर्षं पायाखाली थरथरायचा तसा.

“जाऊ दे,” तो म्हणाला.

ऑटो हलला, कोपऱ्यावर वळला आणि दिसेनासा झाला. दत्तोबा रस्त्याच्या मधोमध तसाच उभा. थोड्या वेळानं हणमंतरावानं मागून विचारलं, “हा कुठला म्हणालास? गाडीवाला का दुसरा?”

दत्तोबानं वळून बघितलं. हणमंतराव घराच्या पायरीवर बसला होता आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता.

“आधी तो पाय उचल,” दत्तोबा म्हणाला, आणि जाऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसला.